न विचारता दाखवलेलं बोट

नाव : पंचफुला पुंडलिकराव धोटे. राहणार : मौजा आंजी (मोठी), तालुका व जिल्हा वर्धा. वय : आधार कार्डाप्रमाणे एकाहत्तर. शिक्षण : इयत्ता दुसरी, अपूर्ण. व्यवसाय : निरंक. वैद्यकीय प्रशिक्षण : निरंक. कुटुंबातील दीर्घ आजार : निरंक. कुटुंबात कोणास छातीत दुखण्याची तक्रार : निरंक. ओळखीची खूण : उजव्या हाताच्या अंगठ्यावर घट्टा.

ही माहिती आरोग्य पाहणीच्या छापील अर्जातून घेतली आहे. गावच्या आशा कार्यकर्त्या छाया यांनी तो दिवाळीनंतर पंचफुलाबाईंच्या ओट्यावर बसून भरला. ओळखीच्या खुणेचा रकाना अर्जात नव्हता. तो छायाने समासात आपल्या मनाने लिहिला, कारण अर्ज भरायच्या अर्धा तास आधी तोच अंगठा तिच्या स्वतःच्या बेंबीवर होता.

बेंबी सरकणे हा विकार डॉक्टरांच्या पुस्तकात नाही. आंजीत तो आठवड्याला चार-पाच जणांना होतो. जड गोणी उचलली, बस गचका देऊन थांबली, लग्नात तिसऱ्या वाढपाला नाही म्हणता आलं नाही, की बेंबी जागची हलते आणि पोट बिघडतं. मग माणूस सकाळी उपाशीपोटी पंचफुलाबाईंच्या ओट्यावर येऊन आडवा होतो. त्या अंगठ्याने बेंबीभोवती दाबत जातात, ठोका कुठे उडतो ते पाहतात. मग कणकेच्या गोळीत वात खोचून, पेटवून ती बेंबीवर ठेवतात आणि वरून पितळी पेला उपडा घालतात. वात विझते, पेला पोटाला धरतो, माणूस मायला हाक मारतो आणि बहुतेक वेळा बरा होऊन घरी जातो. यातले किती जण तसेही बरे झाले असते, याची पाहणी कोणी केलेली नाही. मोबदला घ्यायचा नाही हा सासूने घालून दिलेला नियम. उलट आलेल्याला चहा द्यावा लागतो, आणि चहाने पुन्हा गॅस होतो.

पण ओट्यावर आडवं व्हायच्या आधी एक पायरी असते. दारात उभ्या माणसाला पंचफुलाबाई म्हणतात, “कुठं दुखते? दाखवजो.” एवढंच. दाखवायचं कसं ते सांगत नाहीत. माणसाने एक बोट पोटावर टेकवलं तर त्या कणीक मळायला घेतात. माणसाने तळहात छातीवर पसरला किंवा मूठ करून मधोमध ठेवली, तर त्या पोटाला हातही लावत नाहीत. “माह्याकडचं काम नाई हे. वर्ध्याले जाय. आत्ताच जाय. पायी नको जाऊ बसथांब्यापर्यंत, गाडी बोलाव.” असं म्हणून त्या दार लोटून घेतात, म्हणजे समोरच्याला घासाघीस करता येऊ नये.

गेल्या सत्तावीस वर्षांत त्यांनी असे अकरा जण वर्ध्याला पाठवले. त्यातल्या सात जणांना काही निघालं नाही आणि ते सातही जण अजून त्यांच्यावर रागावलेले आहेत. उरलेले चार जण दिवाळीला फराळ पाठवतात.

हा नियम सासूने दिलेला नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी भाऊबीजेला पंचफुलाबाई माहेरी आष्टीला गेल्या होत्या. थोरला भाऊ प्रभाकरराव ओवाळून घेऊन जेवला, अनारसे जरा जास्तच झाले, आणि हात धुऊन येता येता त्याने मूठ छातीवर ठेवली. “फुला, गॅस झाला वाट्टे.” बहीण गावची जाणकार. तिने ओवा दिला, हिंग दिला, आडवं करून बेंबी पाहिली. बेंबी जागेवर होती. तरी तिने पेला लावला. भाऊ म्हणाला, “बरं वाटून राह्यलं,” कारण बहिणीचा उपाय होता आणि भाऊबीज होती. चार वाजताचा चहा झाला तेव्हा तो उठला नाही.

या गोष्टीबद्दल पंचफुलाबाई एकच वाक्य बोलतात, तेही कोणी फार खोदून विचारलं तर : “त्यानं मूठ दाखवली होती, मी पोट पाह्यत बसली.”

आता पुंडलिकराव. वय चौऱ्याहत्तर, पाच एकराचे शेतकरी, कापूस आणि तूर. स्वभाव असा की बोलणं हा त्यांना पदरचा खर्च वाटतो. मुलगा कैलासच्या लग्नात व्याह्यांनी तीन तास शेजारी बसून त्यांच्याकडून दोन वाक्यं काढली. त्यातलं एक “पानी येऊ द्या” हे होतं. घरातून शेतात आणि शेतातून घरी हे एक किलोमीटरचं अंतर ते पन्नास वर्षं खाली पाहून, सरळ रेषेत, कोणाला राम राम घालायची वेळ येऊ नये अशा बेताने चालत आले.

दसऱ्याच्या सुमारास त्यांच्यात बदल झाला. ते थांबू लागले. पहिल्यांदा हापशीपाशी. तिथे शेजारच्या अनुसयाबाई पाणी भरत होत्या. पुंडलिकराव उभे राहिले आणि म्हणाले, “पोरगा कसा हाये तुमचा?” अनुसयाबाईंच्या हातून हापशीचा दांडा सुटला. पोरगा एकोणचाळीस वर्षांचा आहे आणि त्याच्याबद्दल पुंडलिकरावांनी हे पहिल्यांदाच विचारलं होतं.

मग ते बंडूजींच्या किराणा दुकानापाशी थांबू लागले. “काय म्हनते दुकान?” असं विचारून ते नुसते उभे राहत आणि पूर्ण उत्तर ऐकत. शेवटपर्यंत ऐकणारा माणूस गावात सहजासहजी मिळत नाही. बंडूजींनी त्यांना आठ दिवसांत आपला गुडघा, आपला साडू आणि साखरेचा भाव असं सगळं सांगून टाकलं. पुढे शाळेच्या भिंतीपाशी मास्तर, वळणावरच्या चिंचेखाली शेळ्या चारणारी पोरं, आणि संक्रांतीनंतर तर घराच्या फाटकातच कोणीतरी येणारं-जाणारं. गावात बोललं जाऊ लागलं की पुंडलिकरावांना म्हातारपणी माया फुटली.

“तुमचे मालक लय बदलले वो,” अनुसयाबाई पंचफुलाबाईंना सांगायला आल्या. “काय खाऊ घालून राह्यल्या?”

“मी कायले खाऊ घालू? जे पन्नास वर्षं घालून राह्यली तेच.”

“मंग आता गुन आला म्हना.”

पंचफुलाबाई हसल्या. खरं सांगायचं तर त्या सुखावल्या होत्या. घरात पुंडलिकराव पूर्वीसारखेच होते, फक्त आठवड्यातून एक-दोनदा म्हणत, “गॅस झाला.” त्या ओवा आणि सैंधव तळहातावर ठेवत, ते तोंडात टाकत, विषय संपे. “कुठं दुखते, दाखवजो” हे त्यांनी नवऱ्याला विचारलं नाही. ते ओट्यावर येणाऱ्यांना विचारायचं. घरातल्या माणसाला दारात उभं कोण करतं?

संक्रांत होऊन आठ दिवस झाले आणि धोट्यांच्या शेतात रोडग्यांचा कार्यक्रम ठरला. नवस अंकिताचा होता. अंकिता म्हणजे कैलास आणि सपना यांची मुलगी, पुंडलिकरावांची नात. दहावीच्या गणितात पस्तीस मार्क पडावेत म्हणून सपनाने मारुतीला रोडगे बोलले होते. मारुतीने सदतीस दिले. निकाल उन्हाळ्यात लागला होता. पण चांगली वांगी येईपर्यंत देवाने थांबायचं असतं.

रोडगे पुरुषांनी करायचे. शेतात गोवऱ्यांचा मोठा जगरा पेटवायचा, तो धगधगून बसला की कणकेचे गोळे त्यात पुरून भाजायचे, आणि राख झटकून तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची भाजी, जिच्यावर बोटभर तेल उभं राहिलं पाहिजे, आणि वरण. जगऱ्यावर बसायचा मान पुंडलिकरावांचा. कोणता रोडगा केव्हा उलटायचा हे त्यांना कळतं आणि तिथे बोलावं लागत नाही.

दीडशे माणूस आलं होतं. बंडूजींनी आपल्या छोट्या मालगाडीतून भांडी आणली होती. पंगती बसल्या, उठल्या. पुंडलिकराव शेवटच्या पंगतीत जेवले आणि पुन्हा जगऱ्यापाशी जाऊन बसले. थोड्या वेळाने त्यांच्या कपाळावर घाम आला. आगीपाशी बसलेल्या माणसाला घाम येतोच. चेहरा उतरला. वांग्याची भाजी कोणाचाही चेहरा उतरवते. दोनदा त्यांनी ढेकर दिला. तो जरा ओढून आणल्यासारखा होता, पण ढेकराची इतकी बारीक तपासणी कोण करतं? आंब्याखाली आडवे झालेले निम्मे पाहुणे तेच करत होते.

“बाबा, काय होऊन राह्यलं?” कैलासने विचारलं.

“गॅस.”

“दोन रोडगे जास्त झाले असतीन,” बंडूजी म्हणाले. “मले बी होऊन राह्यला. भाजी जहर होती, पन भाजी होती बुवा!”

“आई हाये ना,” सपना म्हणाली. “आई, बाबाइले पाह्यता का जरा?”

पंचफुलाबाई भांडी मोजत होत्या. पदराला हात पुसत आल्या. त्यांनी काही विचारायच्या आत पुंडलिकरावांनी उजवा हात वर केला, एक बोट काढलं आणि बेंबीच्या वर चार बोटांवर टेकवलं.

“इथं,” ते म्हणाले.

सगळ्यांना हायसं वाटलं. सपना ओव्याची पुडी शोधायला वळली. “मंग काय, आपलीच लाइन,” बंडूजी म्हणाले, आणि कोणी तरी हसलं.

पंचफुलाबाई त्या बोटाकडे पाहत राहिल्या. ओट्यावर शेकडो माणसं आली. विचारल्याशिवाय बोट कोणीच दाखवलं नव्हतं. माणूस दुखणं घेऊन येतो तेव्हा आधी कण्हतो, आधी काय खाल्लं ते सांगतो, बायकोला दोष देतो; बोट शेवटी निघतं. आणि हा माणूस, ज्याच्याकडून सरळ उत्तर काढायला तीन वेळा विचारावं लागतं, तो न विचारताच उत्तर देऊन मोकळा झाला होता. प्रश्न माहीत असल्यासारखा.

अर्थात त्याला माहीत होताच. सत्तावीस वर्षं तो त्याच ओट्याच्या आतल्या बाजूला बसून हे ऐकत आला होता.

“उठा जी,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “त्या धुऱ्यापर्यंत जाऊन येऊ. पोट हलकं होईन.”

“राहू दे.”

“गॅस हाये ना? मंग चालल्यानं सुटते. चाला.”

पुंडलिकराव उठले. दोघं तुरीच्या कडेने बांधाच्या दिशेने निघाली, त्या अर्धं पाऊल मागे. साठ-सत्तर पावलं झाली असतील. पुंडलिकराव थांबले. त्यांनी डावा हात कोपरापाशी धरला, तुरीची एक शेंग हातात घेतली आणि म्हणाले, “तुले काय वाट्टे, औंदा तूर किती होईन?”

पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला तुरीबद्दल मत विचारलं नव्हतं.

पंचफुलाबाईंच्या डोळ्यांसमोर हापशी आली. मग बंडूजींचं दुकान. मग शाळेची भिंत. मग चिंच. त्यांनी मनातल्या मनात तो सगळा रस्ता चालून पाहिला, आणि प्रत्येक थांब्यावर त्यांचा नवरा कोणाला तरी लेकराबद्दल, दुकानाबद्दल विचारत उभा होता, आणि समोरचा खुशीत येऊन सांगत होता, आणि तेवढ्या वेळात तो श्वास गोळा करत होता.

“किती दिवस झाले?” त्यांनी विचारलं.

“कायचे?”

“लोकाइसंग बोलून राह्यले तवापासूनचे.”

पुंडलिकरावांनी शेंग सोडली. काही बोलले नाहीत. हे मात्र नेहमीचंच होतं, आणि त्यावरून पंचफुलाबाईंना सगळं कळलं.

“बसा,” त्या म्हणाल्या. “इथंच बसा, धुऱ्यावर. हलू नका.” आणि ज्या बाईने आयुष्यात नवऱ्यासमोर आवाज चढवला नव्हता, तिने दीडशे माणसांच्या अंगावर अशी हाक टाकली की जगऱ्याजवळचं कुत्रं उठून गेलं. “कैलास! गाडी इकडे आन! तुरीतून आन!”

“आई, तूर मोडते ना!”

“मोडू दे!”

बंडूजींची गाडी तुरीतून आली. पुढे बंडूजी, मध्ये पुंडलिकराव, कडेला पंचफुलाबाई. मागे कैलास, भांड्यांमध्ये. उरलेल्या वरणाचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, उतरवायला वेळ नव्हता म्हणून तोही वर्ध्याला निघाला. रस्त्याने बंडूजींनी एकदा म्हटलं, “काकू, बोट तं पोटावर होतं.” पंचफुलाबाईंनी नवऱ्याचं मनगट धरलं होतं. पुंडलिकराव फक्त एकदा बोलले. मान न वळवता म्हणाले, “मागं सांग त्याले, गंज धरून बसजो.”

दवाखाना मोठा होता. तिथे तातडीच्या खोलीत एक तरुण डॉक्टरीण होती, सकाळपासून उभी असावी. तिने विचारलं, “बाबा, कुठे दुखतंय?”

पुंडलिकरावांनी बोट वर केलं. ते पोटावर टेकायच्या आत पंचफुलाबाईंनी ते हवेतच धरलं.

“बाई, हे बोट खोटं हाये. याच्यावर जाऊ नका.”

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. “म्हणजे, आजी?”

“म्हंजे मी सांगते ते लिवा. दसऱ्यापासून हापशीपासी थांबत. हापशी म्हंजे आमच्या घरापासून दोनशे पावलं. दिवाळीनंतर बंडूजीच्या दुकानापासी बी थांबत, ते शंभरच पावलं. संक्रांतीपासून फाटकातच उभे राह्यतेत. थांबले का कमी होते, चालले का धरते. आज आगीपासी बसून बी धरलं. आज साठ-सत्तर पावलं चालवलं मी, तं हात धरला डावा. गॅस चालल्यानं सुटते बाई, हे चालल्यानं धरते.”

“जेवणाशी काही संबंध?”

“जेवन लोकाइले सांगाले हाये.”

डॉक्टरणीने सगळं लिहून घेतलं. पावलंसुद्धा लिहिली. मग म्हणाली, “आजी, हे फार कामाचं सांगितलंत. पण एक ऐका, अशा माणसाला चालवून पाहायचं नाही. तिथेच बसवायचं आणि गाडी बोलवायची.”

“चुकलं,” पंचफुलाबाई म्हणाल्या.

हृदयाची पट्टी काढली. पट्टीत विशेष काही निघालं नाही. पुंडलिकरावांनी उठून बसत बायकोकडे पाहिलं. “मी काय म्हनत होतो,” असं म्हणून ते पायाने चपला चाचपू लागले. कैलासचाही चेहरा खुलला. त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा मोडलेली तूर होती.

पंचफुलाबाईंच्या आयुष्यातलं ते सगळ्यात लांब मिनिट असावं. पट्टी चांगली आली याचा आनंद मानावा की नाही, हे त्यांना ठरवता येईना. आठवा रागावलेला माणूस आता घरातच राहणार, असंही वाटलं. आणि आष्टीच्या त्या दुपारी प्रभाकरने “बरं वाटून राह्यलं” म्हटलं, तेव्हाही असंच हायसं वाटलं होतं, हे आठवलं.

“बाबा, चपला राहू द्या,” डॉक्टरीण म्हणाली. “एका पट्टीवर मी कोणाला घरी सोडत नाही. आजींनी जे सांगितलं त्यानंतर तर नाहीच. रक्त पाठवते, थोड्या वेळाने पुन्हा पट्टी काढू. हलायचं नाही.”

दुसरी पट्टी पहिल्यासारखी नव्हती. रक्ताचा कागद आला तेव्हा डॉक्टरीण धावत नाही पण भराभर चालत आली, आणि मग पुष्कळ माणसं एकदम कामाला लागली. दुसऱ्या दिवशी मनगटातून तार घालून पाहिलं. एक नळी जवळजवळ बंद होती. तिथे छोटी स्प्रिंग बसवली. बंडूजी रोडग्यांच्या दिवशीच गाडी घेऊन परत गेले होते ते वरणासकट. आंजीत ते वरण संध्याकाळी दोन घरांत जेवलं गेलं आणि चांगलं होतं असं कळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात ऊन आलं होतं. पुंडलिकराव उशीला टेकून बसले होते. पंचफुलाबाई त्यांना बिनमिठाची खिचडी चमच्याने भरवत होत्या. ते स्वतःच्या हाताने खाऊ शकत होते, पण दोघांपैकी कोणी तो मुद्दा काढला नाही.

“काऊन खोटं बोट दाखवलं?” त्यांनी विचारलं.

“रोडगे करपले असते.”

“रोडगे खाऊन झालते जी. जगरा विझलता. खरं सांगा.”

पुंडलिकरावांनी घास गिळला. खिडकीकडे पाहिलं. मग इतक्या वर्षांचं साठवलेलं एकदम काढावं तसे बोलले.

“प्रभाकर गेला तवा तू सहा मयने धड जेवली नाई. कोनी छातीवर हात ठेवला का तुह्या अंगाले कापरं सुटे. दार लोटून आत येऊन बसत होती, मी पाह्यत होतो ना. लोकाले वाटे मोठी खमकी हाये. मी म्हटलं, आपन मूठ ठेवली तं ही तिथंच बसन खाली. बोटच बरं.”

पंचफुलाबाईंचा चमचा थांबला.

“अन् गेले असते तं? तवा मी काय उभी राह्यली असती?”

यावर पुंडलिकरावांनी विचार केलेला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

“मी बी कुठं इचारलं?” त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. “गावाले इचारते. घरच्याले ओवा देत बसली, चार मयने. दुसऱ्यांदा तेच करत होती मी.”

“पन नाई केलं ना.”

“नाई केलं.”

“मंग खिचडी दे.”

घरी सोडताना त्याच डॉक्टरणीने दोघांना समोर बसवून गोळ्या समजावल्या, आणि मग पंचफुलाबाईंकडून ओट्यावरचा नियम ऐकून घेऊन त्यांना वेगळं सांगितलं. बोटाचा नियम चांगला आहे, पण त्यावर विसंबू नका. हृदयाचं दुखणं काही जण बोटानेही दाखवतात. काहींना छातीत दुखतच नाही. जबडा दुखतो, पाठ दुखते, नुसता दम लागतो, मळमळतं, घाम येतो. बायकांमध्ये आणि साखरेच्या रुग्णांमध्ये हे जास्त. म्हातारं माणूस नेहमीचं काम करताना थांबायला लागलं, तर आधी हृदय तपासायचं, पोट नंतर.

“मंग माहा नियम गेला म्हना,” पंचफुलाबाई म्हणाल्या.

“गेला नाही, आजी. अपुरा आहे. माझी पहिली पट्टीसुद्धा अपुरीच होती.”

हे उत्तर पंचफुलाबाईंना आवडलं. त्या दिवसापासून ओट्यावरची पायरी लांबली आहे. बोट पोटावर आलं तरी त्या कणीक मळत नाहीत. आधी माणसाबरोबर आलेल्या बाईला बाजूला घेतात आणि विचारतात, हा कुठे कुठे थांबून राह्यला आजकाल? पन्नाशीच्या पुढचा माणूस असेल तर पेला लावायच्या आधी छायाला बोलावून रक्तदाब मोजून घेतात. शंका आली तर सरळ वर्ध्याला. होळीपर्यंत आणखी पाच जण गेले. त्यातल्या चौघांना काही निघालं नाही आणि ते चौघं रागावले आहेत. पाचव्याची बायको सकाळी येऊन ओटा झाडून जाते. नको म्हटलं तरी ऐकत नाही.

पंचफुलाबाई दार मात्र आता लोटून घेत नाहीत. गाडी येईपर्यंत त्या माणसाजवळ ओट्यावर बसून असतात. हात थोडा कापतो, तो त्या पदराखाली धरतात. पुंडलिकराव आतून पाण्याचा तांब्या आणून शेजारी ठेवतात आणि परत जातात.

चैत्रात छाया पुन्हा अर्ज घेऊन आली. पाहणी दर सहा महिन्यांनी करायची असते. नाव, राहणार, वय : पूर्वीप्रमाणे. व्यवसाय : निरंक. वैद्यकीय प्रशिक्षण : निरंक. कुटुंबातील दीर्घ आजार : हृदयविकार, एक व्यक्ती. निदान कोणी केले : या रकान्यात दोनच पर्याय छापलेले होते, वैद्यकीय अधिकारी आणि इतर, ‘इतर’वर खूण केली तर अर्ज परत येतो, म्हणून छायाने पहिल्यावर खूण केली.

पुंडलिकराव आता घरापासून शेतापर्यंत न थांबता जातात आणि वाटेत कोणाशी बोलत नाहीत.